गाळून काढलेला माणूस

३ मार्च

पोचले एकदाची! नांदेडहून सकाळच्या गाडीत बसले, अहमदपूरला चहा घेतला आणि ऊन तापायच्या आत लातूरला उतरले. स्टँडवर न्यायला डॉक्टर स्वतः आले होते. डॉ. महांतेश, पन्नाशीचे, बोलणं मऊ. माझी बॅग त्यांनीच गाडीत ठेवली. मला लाजल्यासारखं झालं. नांदेडच्या डायलिसिस युनिटमध्ये टेक्निशियन म्हणून इतकी वर्षं काढली, पण कुठल्या डॉक्टरनं माझी पाण्याची बाटलीसुद्धा उचलली नव्हती.

घर रेणापूर नाक्याच्या पुढं, नव्या वसाहतीत. पुढं छोटा दवाखाना, मागं राहतं घर, वर गच्चीला लागून माझी खोली. खिडकीतून काढणीला आलेली करडई दिसते. घरात डॉक्टर आणि त्यांचे आईवडील, एवढंच. बायकोमुलं शिक्षणासाठी हैदराबादला. वडील संगप्पा, सगळे त्यांना अप्पा म्हणतात. त्यांची तेलगिरणी होती, आता विकली. आई नीलम्मा. त्यांना मी काय म्हणू विचारलं, तर म्हणाल्या, "अव्वा म्हण की. दुसरं काय म्हनतीस?"

जेवायला धपाटे, दही आणि शेंगदाण्याची चटणी. तिसऱ्या धपाट्याला नको म्हटलं तर अव्वा रागावल्या. देगलूरला आईला फोन करून सांगितलं, काळजी करू नको, माणसं लई चांगली आहेत.

६ मार्च

कामाला सुरुवात झाली. डॉक्टरांनी नवं मशीन आणलंय. डायलिसिसच्या मशीनची चुलत बहीणच म्हणायची. एका हातातून रक्त घ्यायचं, मशीनमध्ये फिरवायचं, त्यातलं पिवळं पाणी म्हणजे प्लाझ्मा वेगळा काढायचा. मग तांबड्या पेशींत अल्ब्युमिन, म्हणजे बाटलीतलं प्रथिनाचं पाणी, मिसळून दुसऱ्या हातातून परत सोडायचं. नांदेडला मी हे केलंय, पण आजारी माणसांवर. अप्पांना तसा आजार काहीच नाही. मागच्या दिवाळीत ते न्हाणीत पडले आणि तेव्हापासून काठी लागली, एवढंच. डॉक्टर म्हणाले, वय वाढतं तसा रक्तात गाळ साठतो, तो काढला तर म्हातारपण हलकं होईल असं बाहेरच्या देशांत काही लोक म्हणतायत. खात्रीनं अजून कुणी सांगत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. वडिलांबद्दल बोलताना त्यांचा आवाज लहान मुलासारखा होतो. मला ते आवडलं.

अप्पा खुर्चीवर राजासारखे बसले. ओठांना मुंग्या येतात म्हणाले. त्याला कॅल्शियम लागतं, ते मी दिलं. पिशवीत पिवळं पाणी साचायला लागलं तसे अप्पा मान वाकडी करून बघत राहिले. "अगं पोरी, हे तर माझ्या घाण्यातलं करडीचं तेल हाय. कुणाला इकून नको राहू बरं!" मी इतकी हसले की सुईवरची चिकटपट्टी नीट लागेना.

पिशव्या टाकायच्या नाहीत, फ्रीजरमध्ये ठेवायच्या. डॉक्टरांना त्या तपासायच्या आहेत.

२४ मार्च

अप्पांची काठी सुटली! आज गच्चीवर आले, तेही दम न लागता. चष्म्याशिवाय पेपर वाचतात. डॉक्टर रिपोर्ट घेऊन घरभर फिरत होते. म्हणाले, रक्त बघून कुणी म्हणणार नाही की हा माणूस एवढा म्हातारा आहे. पेढे आणले.

अव्वाही खूश. पण दुपारी कपडे वाळत घालताना त्यांनी अप्पांचा सदरा माझ्या नाकाशी धरला आणि विचारलं, वास येऊन राहिला का? मी म्हटलं, नाही, स्वच्छ धुतलाय. तर म्हणाल्या, धुतला न्हाई अजून. दोन दिवस घातलेला होता.

एवढ्या उन्हाळ्यात अप्पांना घामच येत नाही. डॉक्टरांच्या कानावर घातलं. म्हणाले, पाणी जास्त द्या.

५ एप्रिल

आज मन जागेवर नाही. 

या घरात एक मुलगी होती, तारामती. कॉलेजात असताना काविळीनं गेली. तिला जाऊन पुष्कळ वर्षं झाली. दर वर्षी या दिवशी अप्पा तिच्या आवडीचा गोड भात स्वतः करतात, तिच्या फोटोपुढं ठेवतात आणि दिवसभर कुणाशी बोलत नाहीत. अव्वांनी तांदूळ निवडून ठेवले होते. अप्पा स्वयंपाकघरात आले, तांदळाकडं बघितलं आणि विचारलं, "आज काही विशेष आहे का?"

अव्वा म्हणाल्या, तारेचा दिवस हाय.

अप्पा म्हणाले, "कोण तारा?"

थट्टा नव्हती. चेहऱ्यावर फक्त सभ्यपणा होता, दुकानात नवीन गिऱ्हाईक आल्यावर असतो तसा. आणि ते बोलणं! "काही विशेष आहे का?" अप्पा असं कधी बोलले? टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्यासारखं.

मग त्यांनी गळ्यातली चांदीची डबी काढली. लहानपणी गुरूंनी बांधलेलं इष्टलिंग तिच्यात असतं, हे लोक मरेपर्यंत ते अंगावेगळं करत नाहीत. अप्पांनी ती डबी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, हे टोचतं, कुणाचं असेल त्यांना देऊन टाका.

अव्वांनी भात टाकला नाही. खोलीचं दार लावून घेतलं.

डॉक्टरांनी संध्याकाळी परीक्षा घेतली. वार, तारीख, बेरजा, मंत्र्यांची नावं, सगळं बरोबर. डॉक्टर माझ्याशी बोलताना खाली बघत होते. म्हणाले, दुःखानंसुद्धा माणूस म्हातारा होतो, ते हलकं झालं असेल. झालं तर वाईट काय?

पण अप्पांचं दुःख एकट्यानं गेलेलं नाही. तारा गेली, आणि देवही गेला.

१४ एप्रिल

हे नीट लिहायला पाहिजे. घाबरून काहीतरी लिहिलं असं व्हायला नको.

दुपारी वीज गेली. इन्व्हर्टरवर फ्रीजर चालत नाही म्हणून पिशव्या बर्फाच्या पेटीत काढायला गेले. फ्रीजर आतून कडक गार होता, कडांना बर्फ धरला होता. बाकी सगळं दगडासारखं गोठलेलं. अप्पांच्या पिशव्या तेवढ्या पातळ होत्या.

हात लावला. गरम होत्या.

उन्हानं तापल्यासारख्या नाही. अंगासारख्या गरम. एक उचलून तळहातावर घेतली तर आत काहीतरी हललं, थांबलं, हललं. मी इतकी वर्षं लोकांच्या नाड्या बघितल्यात. स्वतःला सांगितलं, बाई, ही तुझ्याच अंगठ्याची नाडी आहे. पिशवी टेबलावर ठेवली, हात मागं घेतला आणि नुसती बघत राहिले.

हलत होती.

मागं अव्वा उभ्या होत्या. त्या रोज दुपारी इथं येतात, हे मला आज कळलं. त्यांनी पिशवी उचलून गालाला लावली, तान्ह्या बाळाला लावावी तशी. मग माझ्या नाकाशी धरली. पिशवी सीलबंद होती, तरी वास आला. करडईची पेंड, तंबाखू आणि म्हाताऱ्या माणसाचा घाम.

"अप्पा हितं हायेत," अव्वा म्हणाल्या. "बाहेर हिंडून राहिलाय तो कोन हाय, मला मालूम न्हाई."

१८ एप्रिल

डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी फ्रीजर उघडून पिशवी माझ्यासमोर टेबलावर आपटली. खण्णकन वाजली. विटेसारखी गोठलेली. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मला रडू आलं. म्हणाले, अव्वांच्या नादाला लागू नका, आठवडाभर सुट्टी घ्या. आणि अव्वा तिथं जाऊन बसतात हे बरं नाही, म्हणून दवाखान्याचा कचरा नेणाऱ्या गाडीला सांगून सगळ्या पिशव्या देऊन टाकणार. गाडी पुढच्या शुक्रवारी येईल. जे येतं ते भट्टीत जाळतात.

ते गेल्यावर मी तीच पिशवी पुन्हा धरली. माझ्या हातात ती सैल झाली. गरम झाली.

सुट्टी घेऊन देगलूरला जाता आलं असतं. पण अव्वांनी माझे दोन्ही हात धरले होते. म्हणाल्या, पोरी, काढलंस तसं परत घाल.

२१ एप्रिल

प्रयत्न केला.

अप्पांचं सेशन होतं आणि डॉक्टरांना मोठ्या दवाखान्यातून बोलावणं आलं. अल्ब्युमिनच्या जागी मी अप्पांचीच पिशवी टांगली. नळी जोडायला वाकले तर त्यांनी माझं मनगट धरलं. हात गार. एप्रिलच्या दुपारी, विहिरीतल्या लोखंडासारखा गार. त्यांची नाडी माझ्या कातडीला लागत होती. माणसाची नाडी श्वासाबरोबर जरा पुढंमागं होते. ही होत नव्हती. पंपासारखी चालली होती.

ते हसून म्हणाले, "ती नको. तो माणूस फार रडायचा. त्याला बाहेरच राहू द्या."

मी पिशवी उतरवली.

सेशन संपल्यावर त्यांनी माझे आभार मानले.

२४ एप्रिल

उद्या गाडी.

सकाळी अव्वा माझ्या खोलीत आल्या. जिना चढून दम लागला होता. त्यांनी सरळ विचारलं, त्यांच्यात जात न्हाई तर माझ्यात घालतीस का?

मी म्हटलं, अव्वा, असं करत नसतात. त्या म्हणाल्या, दोघांचा रक्तगट एकच हाय, एबी. डॉक्टरनंच सांगितलेलं. "लग्नात कुंडली जुळली नव्हती, तरी बापानं दिली. रगत जुळलेलं कुनाला ठावं होतं?" आणि हसल्या. त्या हसण्यानं माझा धीर गेला आणि आलाही.

दुपारी डॉक्टर बाहेर होते. अप्पा रोजच्यासारखे भर उन्हात डोक्याला काही न बांधता रस्त्यावर फिरायला गेले होते. मी अव्वांना खाटेवर झोपवलं आणि साध्या सलाइनसारखं थेंब थेंब सोडलं. घाबरत घाबरत, नाडी बघत. त्यांच्या वयाला जास्त झेपणार नाही म्हणून दोनच पिशव्या दिल्या.

अव्वा झोपल्या. मग झोपेतच गालातल्या गालात हसल्या आणि म्हणाल्या, "अगं पोरी, कुणाला इकून नको राहू म्हनलं होतं न्हवं?"

आवाज अव्वांचा. बोलणं अप्पांचं. ती थट्टा अप्पांनी केली तेव्हा खोलीत मी सोडून कुणी नव्हतं.

मग रडल्या. तारे, तारे म्हणून, पुरुष रडतो तसं, छातीतून. अव्वांचाच हात वर आला आणि अव्वांचेच डोळे पुसत राहिला.

मी विचारलं, अप्पा, तिकडं काय आहे?

"गार हाय. अंधार हाय. मशीननं न्हाई काढलं पोरी मला. मशीननं नुस्ती जागा केली. तो वाटच बघत बसला होता. जागा झाली तसा आत शिरला."

कोण?

"त्याला नाव न्हाई."

२५ एप्रिल

गाडी आली. राहिलेल्या पिशव्या अप्पांनी स्वतः उचलून दिल्या, एक एक करून, हसत. मी अडवायला पुढं झाले नाही. का नाही झाले?

दुपारी अव्वा न्हाणीत पाण्याच्या टाकीला चिकटून बसल्या होत्या. भाजून राहिलंय, भाजून राहिलंय. मी अंगावर पाणी ओतत होते तर वाफ— नाही. वाफ नव्हती. पण कातडी लाल झाली होती, आणि हात लावला तर माझी बोटं पोळली.

डॉक्टर आले. आईच्या तोंडून अप्पांचं ओरडणं येतंय हे त्यांनी ऐकलं. जमिनीवर बसून दोन्ही हातांनी डोकं धरलं.

२८ एप्रिल

अव्वांचं सेशन ठरलं. अप्पांनी सुचवलं. डॉक्टर म्हणाले, आईचं डोकं फिरत चाललंय, वडील बरे झाले तशी तीही होईल. मी सगळं सांगितलं, पिशव्या टांगल्या तेही. मला वाटलं हाकलून देतील. ते माझ्या पाया पडायला वाकले. ताई, मला दोघांतलं कुणीच गमवायचं नाही हो.

मी सेशन करणार नाही म्हटलं. तर म्हणाले, मी करीन.

भावाचा फोन येऊन गेला. ये म्हणतोय. अव्वांनी माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरून ठेवलंय, झोपेतसुद्धा.

२ मे

अव्वांचं सेशन. आतून कडी. मी दाराबाहेर.

आधी दोन जणांच्या बोलण्यासारखं ऐकू येत होतं. दोघांचं तोंड एकच. भांडत नव्हते. एकमेकांना धीर देत होते. अप्पा म्हणत होते, भिऊ नको नीले, मी पुढं हाय. मग अव्वांचा एकटीचा आवाज, माझ्या नावानं. शिवकांता, अगं शिवकांता—

मी दार बडवलं. खांद्यानं धक्के दिले.

मग मशीनचाच आवाज.

दार उघडलं तेव्हा अव्वा ताठ उभ्या होत्या. त्यांची पाठ मी कधी ताठ बघितली नव्हती. माझ्याकडं बघून हसल्या.

"नमस्कार. आपण कुठल्या गावच्या?"

६ मे

ते दोघं अंगणात उन्हात बसतात. समोरासमोर. बोलत नाहीत. पापणी हलवत नाहीत.

डॉक्टरांनी आज अव्वांच्या मांडीवर डोकं ठेवलं. अव्वा, मी महांतू. अव्वा, ओळख ना. लेकरासारखे रडले. अव्वांनी हात लावला नाही. दोघंही वाकून त्यांच्या डोळ्यांतलं पाणी बघत राहिले. काहीतरी अडचणीचं सांडलंय, तसं.

अप्पा म्हणाले, "याचंही करून टाकू."

डॉक्टर मला रात्रीच निघून जा म्हणाले. फाटकाची किल्ली त्यांच्याकडं नाही. अप्पांकडं आहे. माझा फोन सकाळपासून सापडत नाही.

८ मे

दवाखान्याच्या खिडकीतून बघितलं. डॉक्टर खुर्चीवर. दोन्ही हातांत सुया. एका बाजूला अप्पा, एका बाजूला अव्वा. मशीन त्यांना चालवता येतं. कुणी शिकवलं—

डॉक्टर हसत होते. छताकडं बघून.

तीन पिशव्या भरल्या. चौथी लावली.

ओरडले मी. तिघांनी एकदम मान वळवली. एकाच वेळी. एकसारखी.

९ मे

दुपार. वरची खोली. कडी लावलीय, खाट दाराला लावलीय.

अव्वांची पिशवी मी आणली. फ्रीजरमधून, ते अंगणात असताना. एकच हाताला लागली. पोटाशी धरून जिना चढले. गरम आहे. माझ्या पोटाशी हलत होती.

खाली गाडीचा हॉर्न ऐकला. कचऱ्याची. आज शुक्रवार. राहिलेल्या गेल्या. डॉक्टरांच्याही.

अव्वांना जाळू देणार नाही.

एबीचा प्लाझ्मा कुणालाही चालतो. हे मला माहीत आहे. माझं कामच ते.

खिडकीच्या गजाला टांगलीय. नस मीच शोधली. डाव्या हातात सुई, उजव्या हातानं लिहितेय. ओठांना मुंग्या. थेंब पडतायत.

वास आला. ज्वारीचं पीठ. चूल.

मांडी जड झाली. कुणीतरी बसल्यासारखी. माझं लग्न झालेलं नाही. मला लेकरू नाही. पण मांडीवरचं वजन मला ओळखू येतंय, केसांना खोबरेल, उजव्या कानाजवळ तीळ, ही तारा, माझी तारा, ही ताप आल्यावर अशीच बसायची—

मी शिवकांता. देगलूरची. मी शिवकांता.

घाबरू नको गं पोरी. मी हाय. लई जागा हाय तुझ्यात. जरा सरकून घे.

जिन्यावर पावलं. ताठ. सावकाश. तिघांची.

दार वाजवतायत. हळू. सभ्यपणे.

शिवकांताताई, दार उघडता का? आपल्याला त्रास होणार नाही.

उघडू नगं. तो मागं उभा हाय, त्या तिघांच्या मागं. मला दिसून राहिलाय. त्याला अंग न्हाई म्हनून तो—

कोण बोलतंय आत, असं विचारतायत. आत किती जण आहेत विचारतायत.

खाट सरकतेय.

पिशवी संपत आली. अव्वा पूर्ण आल्या का? अव्वा? आले गं, आले, पर अप्पा न्हाई आले, त्यांना त्यांनी जा—

नाव विचारतायत. त्याला नाव न्हाई, तुझं घेईल तो. फक्त नाव सांगा म्हणतायत, मग जातो. तोंड उघडतंय माझं. मी नाही उघडत. नीलम्मा, सांगू नको. शिवकांता, सांगू न—